जेवणानंतरच्या गोळ्या

फाल्गुनातल्या एकादशीला भोपाळला पांढरीपांड्यांच्या कोलार रोडवरच्या घरात काशिनाथरावांच्या मानेवर बैठक बसली. मान त्यांची होती, म्हणून त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दिली होती.

बैठक बोलावली होती सत्यजितनं. थोरला मुलगा, सचिवालयात मोठा अधिकारी, राहायला चार इमलीतल्या सरकारी बंगल्यात. बैठकीशिवाय त्याच्या हातून काहीच होत नसे. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा आधी विषयपत्रिका निघते, असं त्याची बायको सुरुची म्हणायची. धाकटा निनाद मंडीदीपहून, कारखान्याची धूळ बुटांवर घेऊन आला होता. मधली योगिनी नागपूरहून सकाळच्या गाडीनं उतरली होती आणि उतरल्यापासून भावांशी भांडायच्या तयारीत होती.

"विषय सगळ्यांना माहीत आहे," सत्यजित म्हणाला, आणि मग सगळ्यांना तो सांगितला.

मेंदूकडे रक्त नेणारी बाबांच्या मानेतली डावी धमनी आतून चरबी धरून अरुंद झाली होती. गेल्या वर्षी साठ टक्के बंद होती. यंदा पंचाहत्तर. मधल्या काळात रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, सगळं चालू.

"म्हणजे औषधोपचार अयशस्वी," त्यानं शेरा मारला. "त्यात महाशिवरात्रीला बाथरूममध्ये अटॅक येऊन गेला."

"चक्कर," काशिनाथराव कोपऱ्यातून म्हणाले.

"बाबा, तेच ते."

"तेच ते कसं? मी पडलो, मला कळेल ना."

"तुम्ही जरा शांत बसा बाबा, तुमच्याच तब्येतीचं चाललंय." सत्यजितनं मोबाइल उघडला. "आता कोणी मान कापत बसत नाही. जांघेतून बारीक तार घालतात, ती मानेपर्यंत नेतात आणि अरुंद जागी जाळीची नळी उघडतात. स्टेंट. एक-दोन दिवसांत घरी. दिल्लीची सोमवारची तारीख मिळाली आहे. कशी मिळाली ते मात्र विचारू नका."

कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं. त्यात एक मंत्री होते, मंत्र्यांचे साडू होते आणि साडूंची बायपास होती.

"दादा, माझ्या सासऱ्यांची मान कापली," योगिनी म्हणाली. "नागपुरातच. धमनी उघडली, आतला सगळा गाळ खरवडून काढला, वरून टाके. आज ब्याऐंशीचे आहेत आणि मला अजून भाजीत मीठ कमी म्हणून ओरडतात. वाचा शाबूत असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे? तुझी ती तार म्हणजे घाण आहे तिथंच भिंतीला दाबून ठेवायची. पाहुणे आले की आपण पसारा कपाटात कोंबतो तसं."

"ती जुनी पद्धत झाली, योगिनी."

"जुनं ते वाईट? मग लग्न कशाला केलंस?"

सुरुचीनं ओठ दाबले. निनादनं तेवढ्यात मोबाइल पुढे केला. "मी काय म्हणतो, एवढं कापाकापी कशाला? हे बघा. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर. आमच्या प्लांट मॅनेजरचे सासरे, नव्वद टक्के ब्लॉकेज. काढा घेतला, सब साफ."

"रिपोर्ट बघितलास?" सत्यजितनं विचारलं.

"रिपोर्ट कशाला? आदमी ज़िंदा है ना!"

सत्यजितची मुलगी केतकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. भोपाळच्याच मेडिकल कॉलेजात ती निवासी डॉक्टर होती, आणि घरात अजून तिला पाणी आणायला सांगत असत. "पप्पा, एक बोलू? सत्तरीच्या पुढे तारेला उलट धोका जास्त असतो. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. तार वर जाता जाता तिथलाच गाळ सुटून मेंदूत जाऊ शकतो, मतलब जो टाळायला गेलो तोच स्ट्रोक टेबलावर. त्या वयात करायचंच तर कापणं जास्त भरवशाचं."

"बघ!" योगिनी म्हणाली.

"पण आत्या, लक्षणंच नसतील तर कापायचं तरी का, हाही प्रश्न आहे. आताची औषधं पूर्वीपेक्षा खूप चांगली आहेत. पहले सबको काटते थे, फिर सबको तार डालते थे, अब..."

"अब?"

"अब सोचते हैं।"

"सोचायचं ते मी सोचलंय," सत्यजित म्हणाला. "औषधं देऊन झाली. आणि गोळ्या देतं कोण? आई. आता तुम्हीच सांगा, आईच्या हातून आजवर कधी एक तरी गोष्ट चुकली आहे?"

ह्यावर मात्र सगळ्या घराचं एकमत झालं. वसुधाबाईंच्या नेमावर घड्याळ लावावं अशी त्यांची कीर्ती होती. आयुष्यात एक चतुर्थी चुकली नव्हती. निनादच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा चंद्रोदयाची वेळ विचारून मग त्या दवाखान्याच्या गाडीत बसल्या होत्या. औषध बाईंनी दिलं आणि तरी गुण आला नाही, म्हणजे औषधातच दम नाही, हे इतकं उघड होतं की केतकीसुद्धा गप्प झाली.

वसुधाबाई पदर सावरून स्वयंपाकघरात गेल्या. कौतुकाच्या जागी फार वेळ उभं राहू नये, असं त्यांना लहानपणी शिकवलं होतं. दोन पावलं गेल्यावर त्या थोड्या रेंगाळल्या, हेही खरं.

*

योगिनी त्यांच्या पाठोपाठ आत आली. आईला एकदा आपल्या बाजूला वळवलं की दादाची बैठक संपली, हे ती जाणून होती.

"आई, तू सांग ना त्याला. तुझं ऐकेल."

"मी काय सांगणार? मी माझ्या परीनं देवाला सांगितलंय." वसुधाबाई साबुदाणा हातानं मोकळा करत होत्या. डोळ्यांच्या मधोमध धुकं आल्यापासून त्या स्वयंपाक बोटांनीच करत. समोरचा चेहरा दिसत नसे, कडेचे कान तेवढे दिसत. "गेल्या वर्षी रिपोर्ट आला ना, त्याच दिवशी संकल्प सोडला. आमच्या दोघांच्या नावानं. सोमवार, गुरुवार, प्रदोष, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. मी म्हटलं, देवा, मला एवढंच दे, ह्यांची वाचा शाबूत ठेव."

"आणि बाबा करतात हे सगळं? बाबा?"

"कुरकुर करतात. पण करतात."

योगिनीला हसू आलं. ज्या माणसानं तिच्या लग्नात भटजींना 'जरा महत्त्वाचं तेवढंच घ्या' म्हणून सांगितलं होतं, तो आता प्रदोष करत होता. म्हातारपणी माणसं देवाला भितात की बायकोला, हा प्रश्न तिनं मनातच ठेवला.

ओट्याशी सुरुची रताळी किसत होती. गेल्या अठ्ठावीस वर्षांत नणंद-भावजयांचं एकाही गोष्टीवर जुळलं नव्हतं, मोदकाच्या पाऱ्यांपासून जवाहर चौकातल्या जागेपर्यंत. म्हणून सुरुची किसणी ठेवून हळूच म्हणाली, "योगिनीताई, काहीही करा, पण बाबांना दिल्लीला जाऊ देऊ नका," तेव्हा योगिनीला आधी वाटलं, हा काहीतरी डाव आहे.

"का गं? तुझ्याच नवऱ्याची तारीख आहे."

"म्हणूनच."

"म्हणजे?"

बाहेरून सत्यजितनं हाक मारली, "सुरुची, माझा चार्जर." सुरुचीनं हात पुसले आणि गेली. योगिनी रताळ्याच्या किसाकडे बघत उभी राहिली. वहिनीच्या बोलण्यात कधी नव्हे ती काळजी होती, आणि ती बाबांची वाटत नव्हती.

*

कोपऱ्यातल्या खुर्चीत काशिनाथराव आपल्या मानेवर बोट ठेवून बसले होते. आत ठोका लागत होता. अरुंद नळातून पाणी जाताना आवाज येतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. कोलारच्या धरणातून ह्या शहरात पाणी आणलं त्या लोकांत ते होते. गंजलेली मुख्य वाहिनी फोडायची की नाही, ह्यावर त्यांनी ह्याहून मोठ्या बैठका बघितल्या होत्या. तिथंही असंच व्हायचं. ज्याच्याकडे खोदायचं यंत्र तो म्हणे खोदा, ज्याच्याकडे अस्तराचं कंत्राट तो म्हणे अस्तर घाला. वाल्व नीट चालू आहेत का, हे बघून यायला कोणीच तयार नसे.

मरायची त्यांना भीती नव्हती. भीती होती दादासाहेबांची.

दादासाहेब म्हणजे त्यांचे वडील. राज्यं बदलली, नागपूरचं सचिवालय भोपाळला आलं, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर दादासाहेबही आले, आणि काशिनाथ नावाचा दहा वर्षांचा मुलगाही. पुढे निवृत्तीनंतर एका सकाळी दादासाहेबांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सगळे शब्द गेले, एक उरला. आयुष्यभर फायलींवर जो लिहिला तोच. 'मंजूर.' पाणी हवं का? मंजूर. दुखतंय का? मंजूर. आई वारली तेव्हा काशिनाथनं त्यांचा हात धरून सांगितलं, दादासाहेब, आई गेली. दादासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडातून एकच शब्द येत होता.

नातवंडांची तेवढी चैन झाली. छोटा सत्यजित रोज संध्याकाळी खाटेपाशी जाऊन उभा राही. दादासाहेब, पतंग उडवायला जाऊ? मंजूर. अभ्यास उद्या केला तर? मंजूर. घरात एवढं उदार माणूस दुसरं नव्हतं.

आपल्याला असं झालं तर कोणता शब्द उरेल, ह्याचा काशिनाथरावांनी बराच विचार केला होता. 'निविदा' उरला तर काय करायचं?

आणि पोथी कोण वाचणार? वसुधेला दिसेनासं झाल्यापासून रोज संध्याकाळी ते तिला पोथीचा अध्याय वाचून दाखवत. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण उच्चारांवर होता. एक जोडाक्षर घसरू देत नसत. ती डोळे मिटून ऐके. तिचा लहानपणापासूनचा नेम आता त्यांच्या जिभेवर चालला होता. दिल्लीच्या टेबलावर शंभरांतले चार-पाच घसरतात असं केतकी म्हणाली होती. हा काही फार मोठा आकडा नव्हे, असं सत्यजित म्हणाला होता. पण त्या चार-पाचांच्या घरी कोणाची पोथी असेल, हे दोघांनीही सांगितलं नव्हतं.

*

पानं वाढली. एकादशी असल्यामुळे कोणाला जेवायचं नव्हतं, म्हणून साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, उपासाची बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, दही, बर्फी आणि केळी एवढंच होतं. निनादनं दुसऱ्यांदा उसळ घेतली. उपास त्याला लहानपणापासून मानवत असे.

सत्यजित तिकिटांचं बोलत होता. काशिनाथरावांचं पान रिकामं झालं. केतकीनं सवयीनं विचारलं, "आजी, आजोबांच्या दुपारच्या गोळ्या कुठे आहेत? मी देते."

"आज कुठल्या गोळ्या?" वसुधाबाई म्हणाल्या. "आज एकादशी."

"तो क्या?"

"अगं, गोळ्या जेवणानंतर असतात. आज जेवण कुठं आहे?"

केतकीनं आजोबांच्या पानाकडे बघितलं. मग निनादकाकाच्या पानाकडे. मग हळूच, वॉर्डात रुग्णाला विचारावं तशी, म्हणाली, "आजी, उपासाच्या दिवशी तू गोळ्या देतच नाहीस?"

"कशा देणार? त्या मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ह्यांच्या पोटात मागे अल्सर झाला होता ना? रिकाम्या पोटी एकही गोळी द्यायची नाही, पूर्ण जेवण झाल्यावरच द्यायची. सत्यजितसमोर म्हणाले. मी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाही गेले कधी."

"आणि सोमवारी? सोमवार तर रात्री सोडता ना? तेव्हा?"

"रात्री जेवतो. पण गोळ्या दुपारच्या. दुपारच्या गोळ्या रात्री कशा चालतील?"

केतकीनं बोटं उघडली. "सोमवार. गुरुवार. एकादशी, प्रदोष, चतुर्थी. श्रावण पूरा. नवरात्र..." तिनं बोटं मिटून टाकली. "हे भगवान! निम्मं वर्ष गोळ्या पोटात गेल्याच नाहीत. पप्पा, औषध फेल नाही झालं. औषध दिया ही नहीं गया!"

"औषधानं उपास मोडत नाही आई," योगिनी ओरडली. "तूच आम्हाला शिकवलंस! शास्त्रात आहे म्हणून!"

"मोडतो असं मी कुठं म्हटलं?" वसुधाबाईंचा आवाज चढत नसे, दुखावला की आणखी खाली जाई. "उपासाला गोळी चालते. गोळीला उपास चालत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी फराळाला जेवण म्हणायचं का आता? मग एकादशी कसली?"

बाईंनी देवाचंही ऐकलं होतं आणि डॉक्टरांचंही, अगदी अक्षरशः. त्या दोघांचा आपसात निरोप पोचला नव्हता, एवढंच. आणि गंमत अशी, की जसजशी यजमानांची काळजी वाढली तसतशी व्रतं वाढली, आणि जसजशी व्रतं वाढली तसतशा गोळ्या कमी झाल्या.

"आजोबा," केतकी त्यांच्याकडे वळली. "शिवरात्रीला पडलात तेव्हा बोलणं अडखळलं होतं? हात लुळा पडला? एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं?"

"नाही."

"मग काय झालं होतं?"

"भूक लागली होती," काशिनाथराव म्हणाले. "हिनं दिवसभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं. मी सकाळपासून सांगतोय, चक्कर होती. पण मी पडलो अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलणारा."

निनादला ठसका लागला.

"अहो, पण तुम्हाला कळत होतं ना गोळ्या चुकतात ते?" वसुधाबाई त्यांच्या कानाच्या दिशेनं म्हणाल्या. "तुम्ही एवढे शिकलेले. बोलला का नाहीत?"

काशिनाथरावांनी पानातली केळ्याची साल नीट घडी घालून ठेवली. "तू कशासाठी करत होतीस ते मला ठाऊक होतं. संकल्प सोडताना ऐकलं होतं मी. मला वाटलं, आपण मधे बोललो आणि तुझं मागणं फिसकटलं तर?"

"पण तुम्ही तर मानत नाही!"

"मानत नाही. पण उगाच रिस्क कशाला घ्या?"

*

सत्यजितला बैठक हातातून जाताना दिसली, आणि अशा वेळी काय करायचं हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. "ठीक आहे. हा मुद्दा नोंदला. पुढे काळजी घेऊ. पण सोमवार कायम."

"पप्पा, केसच बदलली," केतकी म्हणाली. "लक्षण एकही नाही, औषध अर्धवट. तीन महिने गोळ्या नीट जाऊ देत, मग पुन्हा तपासू. इथल्याच न्यूरोवाल्या मॅडमशी मी आजच बोलते. तेव्हाही नस अरुंदच होत गेली तर बघू कापायचं की काय ते."

"तीन महिन्यांनी तारीख कोण देईल? मी मंत्र्यांना काय सांगू? माझ्या आईनं एकादशी पाळली?"

"दादा, बाबांपेक्षा तुला तारखेचंच जास्त पडलंय," योगिनी म्हणाली.

"हो, पडलंय! एकदा करून टाकलं की कळेल तरी..."

तो थांबला. सुरुचीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षं ती ह्या घरात नवऱ्याच्या वाक्यांचे शेवट गिळत आली होती, बाहेर लोकांसमोर, घरात सासूसमोर. आज मात्र गिळवत नव्हतं. सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या, सगळ्यांनी मिळून वर्षभराचा दोष त्यांच्या ओटीत टाकला होता, आणि हा माणूस तिकिटांचं बोलत होता.

"सांगा ना, काय कळेल ते," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"सुरुची, ही जागा नाही."

"हीच आहे. आई, ह्यांनी पौषात स्वतःची तपासणी करून घेतली. ह्यांची मान. साठ टक्के. गेल्या वर्षी बाबांची होती तेवढीच."

वसुधाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वर केली.

"डॉक्टर म्हणाले, सिगरेट सोडा, चाला, आणि रोज दोन गोळ्या घ्या, बास. तर ह्यांना राग आला. एवढा मोठा अधिकारी आणि दोन गोळ्या! म्हणाले, स्टेंट नाही का टाकणार? डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मग घरी येऊन मला म्हणतात, आधी बाबांचं करून घेऊ. बाबांचं नीट पार पडलं की माझं कुठं करायचं ते कळेल."



"मतलब," निनाद म्हणाला, "बाबा सैंपल?"

"पायलट प्रोजेक्ट," काशिनाथरावांनी त्याची चूक दुरुस्त केली. "शासनाची पद्धतच आहे ती. आधी एका जुन्या वस्तीत नळ टाकून बघायचा. फुटला तर फुटला."

"बाबा, असं नव्हतं." सत्यजितनं मोबाइल उपडा ठेवला. "मला वाटलं तुम्हालाही... दोघांचंही..." तो बापाकडे बघत होता आणि त्याचा आवाज एकदम पतंगाची परवानगी मागणाऱ्या मुलाचा झाला. "मी दादासाहेबांना बघितलंय बाबा. रोज बघायचो. रात्री झोपताना मी अजूनही मोठ्यानं बोलून बघतो. पत्ता, फोन नंबर. शब्द येतात का म्हणून."

"खरंय," सुरुची म्हणाली. "मला वाटायचं फोनवर आहेत."

हसावं की नाही हे कोणाला कळेना. केतकीनं विचारलं, "पप्पा, तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

सत्यजित पानातली भगर चिवडू लागला.

"गाडीत आहेत," सुरुची म्हणाली. "पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. तिथंच लायटर आहे." आणि ती चप्पल घालून बाहेर गेली.

वसुधाबाई उठल्या. बोटांनी कडप्प्याचा ओटा चाचपत देवघरापाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या. देवाशी काय बोलल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. तक्रार केली नसावी. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. परतल्या तेव्हा हातात दोन वाट्या होत्या. एका वाटीत काशिनाथरावांच्या तीन गोळ्या. दुसरी रिकामी. दोन्हींशेजारी एकेक केळं.

"ऐका सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. घरातल्या माणसांनी त्यांना कधी 'ऐका' म्हणताना ऐकलं नव्हतं. "ह्यांच्या नावचे उपास आजपासून बंद. ते मी माझ्या नावावर घेतले. देवाची मी समजूत घालीन. ह्यांनी दोन वेळा जेवायचं आणि गोळ्या घ्यायच्या, एकादशीलासुद्धा. तीन महिन्यांनी ती नळी तपासायची, केतकी सांगेल तिथं. आणि दिल्लीला कोणी जायचं नाही."

"आई, मंत्र्यांना..."

"मंत्र्यांना सांग, आईची एकादशी आहे."

सुरुची पाकीट घेऊन आली. तिनं दोन गोळ्या फोडून दुसऱ्या वाटीत टाकल्या. कुठल्याही मोदकाच्या पारीवर जे जुळलं नव्हतं ते जुळलं. योगिनीनं आपणहून तिला सरकून जागा दिली.

काशिनाथरावांनी केळं खाल्लं, तिन्ही गोळ्या एकदम घशात टाकल्या आणि पाणी प्यायले. जसं काही दर एकादशीला हेच करत आले होते.

वसुधाबाई सत्यजितच्या पानापुढे बसल्या. त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्या धुक्याच्या कडेनं एक कान आणि पिकलेले कल्ले तेवढे दिसत होते. "हे बघ. उपास कर असं मी कधी सांगितलं नाही. देव मान असंही नाही. तुझे बाबा कुठं मानतात? पण रोज पोथी वाचतात. विश्वास नसला तरी चालतो रे. नेम लागतो. रोज ह्या दोन गोळ्या, आणि ते धुराचं सोडायचं. आधी केळं खा."

"आई, मी त्रेपन्न वर्षांचा आहे."

"मग मोठा झालास. खा."

सगळे बघत होते. सचिवालयातला मोठा अधिकारी मुकाट्यानं केळं सोलून खाऊ लागला. गोळ्या गिळताना त्याचा चेहरा आंबट झाला. वसुधाबाईंनी हात पुढे करून त्याची हनुवटी धरली, लहानपणी जंताचं औषध दिल्यावर धरत तशी. "आ कर. केतकी, बघ गं, गेल्या का."

केतकीनं मोबाइलचा दिवा लावून बापाच्या तोंडात बघितलं. "गेल्या."

"रोजचा नेम. कबूल?"

सत्यजितला हरायची सवय नव्हती. हरल्यावर विनोद करावा एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं मान कडक केली, नजर कुठंतरी वर लावली आणि दादासाहेबांसारखा घोगरा आवाज काढून म्हणाला, "मंजूर."

काशिनाथरावांचा हात आपोआप आपल्या मानेवर गेला. वसुधाबाईंनी हनुवटीवरची पकड घट्ट केली.

"दुसरं काहीतरी बोल," त्या म्हणाल्या. "लवकर. दुसरं काहीही बोल."

सत्यजितनं आईकडे बघितलं. त्याला बराच वेळ काही सुचेना.

"केळं कच्चं होतं, आई," तो म्हणाला.